वैजीनाथची नुस्ख्यांची वही

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की गाव सरता सरता उजव्या हाताला बियाणे संघाचं आवार लागायचं. आता तिथं काय आहे ते विचारू नका, बाभळी आहेत. पण अठ्ठ्याऐंशी साली त्या आवारात कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवणारा माणूस म्हणजे आपला वैजीनाथ. मूळचा बोरीचा. अंगानं काडी, बोलणं हळू, कानावर सदा पेन्सिल. परभणी, जिंतूर, सेलू, पार नांदेडपर्यंत त्या काळी ज्यांनी ज्यांनी या यंत्राला हात लावला, त्यातल्या निम्म्यांनी तरी वैजीनाथची वही उतरवून नेलेली आहे. उतरवून नेली आणि पुढं त्यालाच हसले. आपल्या लोकांचं हे असंच असतं, त्याला काय करणार.

वही म्हणजे दोनशे पानी, लांबडी, रेग्झिनच्या पुठ्ठ्याची. तिच्यात यंत्राचे नुस्खे. नुस्खा हा शब्द त्याचाच. कोणती आज्ञा कशासाठी, कुठं अडलं तर काय करायचं, रोज लागतो पण रोज आठवत नाही असा एखादा चार ओळींचा प्रोग्राम, असलं सगळं तो वहीत टिपून ठेवायचा. आता नुस्खा सातवाच घ्या. एकदम जास्त फायली उघडल्या की यंत्र रुसून बसायचं. तेव्हा कॉन्फिग नावाच्या फायलीत ‘फाइल्स बरोबर वीस’ एवढी एक ओळ घालायची आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. या एका ओळीपायी जिंतूरच्या एका बँकेतला राधाकिशन आठ दिवस डोकं आपटत होता. ओळ सापडली तसा गडी एसटीत बसून वैजीनाथला सांगायला आला. त्या नुस्ख्याखाली वैजीनाथनं लिहिलं, ‘सांगणार — राधाकिशन, जिंतूर.’ प्रत्येक नुस्ख्याखाली सांगणाऱ्याचं नाव असायचंच. स्वतः शोधून काढलेल्या नुस्ख्याखाली मात्र तो ती जागा कोरी ठेवायचा.

एकतिसावा नुस्खा तेवढा लाल शाईत होता. ‘झॅप ही आज्ञा दिली की फायलीतलं सगळं पुसलं जातं. परत येत नाही. घरी भांडण झालं असेल त्या दिवशी देऊ नये.’ लोक हे वाचून हसायचे आणि उतरवून घ्यायचे. वैजीनाथ कुणाला नाही म्हणायचा नाही. वर चहा पाजायचा.

हे वेड त्याला उगीच लागलं नव्हतं. त्याचा बाप सटवाजी ढोरांना औषध द्यायचा. फुगलेला बैल घटकेत उठवायचा, पंचक्रोशीत नाव होतं. पण पाला कोणता, किती, कशात वाटायचा, हे कुणाला मालूम नाही. आपल्याकडं समज आहे ना, औषध सांगितलं की त्याचा गुण जातो. सटवाजी एकटाच रानात जायचा, एकटाच वाटायचा. पोरालासुद्धा म्हणायचा, मरायच्या आदी सांगीन. मग अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचं पेटलं. गावोगाव दलितांची घरं जाळली, आपल्याच लोकांनी जाळली, खोटं कशाला बोलायचं. एसट्या बंद पडल्या, रस्ते अडले आणि त्याच आठवड्यात सटवाजीला लकवा मारला. वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यात न्यायला वाहन मिळेना.

चौथ्या दिवशी घरचाच बैल फुगला. सटवाजी बाजेवरून बघायलाय, ओठ हलवायलाय, डाव्या हातानं शिवाराकडं दाखवायलाय. शिवारात हजार झाडं. वैजीनाथनं दिसेल तो पाला ओरबाडून आणला आणि एकेक बापाच्या डोळ्यांपुढं धरला. बाप मान हलवायचा, नाही. दुसरा धरला, नाही. दिवस मावळताना बैल मेला आणि आठव्या दिवशी बाप गेला. तेव्हापासून वैजीनाथच्या मनानं एकच धरलं, की ठाऊक असलेली गोष्ट माणसानं लिहून ठेवावी आणि मागेल त्याला द्यावी. सांगून गुण जात असेल तर जाऊ दे.

आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते मावशीनं, कस्तुराबाईनं. तिचा नवरा भुजंग उसाच्या गाडीखाली सापडून मेलेला. नवरा मेला तरी ऊसतोडीला जायचं सुटलं नाही. दर साली दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि कस्तुराबाई कोयता घेऊन त्यात बसायची. नवरा-बायको मिळून तोडतात त्याला तिकडं एक कोयता म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. अशी अर्धा कोयता म्हणून ती नऊ साल गेली आणि त्यातून वैजीनाथचं शिक्षण, टायपिंगचा क्लास, सगळं निभावलं. तिच्या कमरेतून सरळ उभं राहायची शक्ती तिथंच गेली.

चौऱ्याऐंशीला बियाणे संघानं फार्मावर बाया घेतल्या. कपाशीच्या फुलांचं काम. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा. नाजूक काम, बायांच्याच हाताचं. कस्तुराबाई लागली, आणि त्या साली पहिल्यांदा दिवाळीनंतरचा ट्रक तिच्याशिवाय गेला. फुलांचा हंगाम नसला की ती ऑफिस झाडायची. वैजीनाथला संघात चिकटवून घ्यावं म्हणून साहेबाच्या पायाही तीच पडली होती. फार्माच्या मागं नाल्याकडंला तिचं पत्र्याचं खोपट होतं. खोपटाच्या आढ्याला कोयता फडक्यात गुंडाळून खोचलेला असायचा.

आता मुद्द्याचं सांगतो. नव्वद साली संघाच्या संचालकांनी ठराव केला, की ज्या बायांनी लागोपाठ पाच वर्षं, वर्षाला दोनशे चाळीस दिवस भरले, त्यांना कायम करायचं. यादी दिवाळीच्या आत. अशा बाया निघाल्या त्रेचाळीस, त्यात कस्तुराबाई. कायम झाली तर मरेपर्यंत ट्रकात बसायचं काम नाही. नाही झाली तर फार्मावरचं काम कधी बंद होईल त्याचा नेम नाही, कारण रोजंदार बाया कमी करायच्या असं त्याच ठरावात खाली लिहिलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, वाकलेली कंबर, पुन्हा मोळ्या डोक्यावर घ्यायच्या. ते मला सोसणार नाही, मी तिकडंच मरंन, असं ती साधेपणानं बोलून दाखवायची.

हजेरीचे पाच वर्षांचे मस्टर वैजीनाथनं वर्षभर खपून कॉम्प्युटरात चढवले होते. त्या यंत्राच्या पोटात स्वतःची साठवण नव्हती. सगळं फ्लॉपीवर, म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटातल्या वीतभर तबकडीवर ठेवायचं. काम झालं तसं व्यवस्थापक दिनकररावांनी विचारलं, “सगळं आलं का रे त्यात?” वैजीनाथ तोऱ्यात म्हणाला, “एक दिवस सुटला न्हाई, साहेब.” दिनकररावांनी तसं लिहून सही घेतली आणि वाळवी लागलेले मस्टर रद्दीत घातले. जागा मोकळी झाली. वैजीनाथला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, कुणीतरी आपल्या कामावर एवढा भरवसा टाकला म्हणून.

एका दुपारी ऑफिस रिकामं बघून त्यानं मावशीला आत बोलावलं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, धुळीसाठी. दाराला पडदा, आत बाहेरच्याला मज्जाव, आवाज हळू. साहेबलोकांनी स्वतःच त्या खोलीचं देवघर करून टाकलं होतं, हे आधी ध्यानात घ्या आणि मग पुढं ऐका.

“मावशी, ह्ये तुझं नाव.”

काचेवर हिरवी अक्षरं. कस्तुराबाईनं वाकून बघितलं. “इंग्रजीत हाय.”

“हां. अन् ह्यो आकडा तुझ्या दिसांचा. बाराशे एकाहत्तर.”

तिनं पदराला हात पुसला आणि आकड्यावर बोट ठेवलं. “माझे समदे दिस ह्याच्यात हायेत?”

“ह्याच्यात न्हाई, ह्या तबकडीत.” त्यानं फ्लॉपी काढून दाखवली. “हिला लय जपावं लागतं.”

“कसं जपायचं?”

त्यानं वहीतला एकोणिसावा नुस्खा वाचून दाखवला. ऊन लागू देऊ नये, पाणी लागू देऊ नये, लोहचुंबक जवळ नेऊ नये, दुमडू नये. सांगणार — नांदेडचे इंजिनियर. त्याच इंजिनियरनं आणखी एक सांगितलं होतं, की कामाच्या फ्लॉपीच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या छपराखाली ठेवावी. आग लागली, पाणी शिरलं तर एक तरी वाचते. दोन प्रती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होत्या. तिसरी वैजीनाथनं मावशीच्या हवाली केली. दुसरं छप्पर त्याला दुसरं कोणतं होतं? कस्तुराबाईनं ती पदराखाली झाकून नेली आणि पत्र्याच्या पेटीत, नेसत्या लुगड्यांच्या घडीत ठेवली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, सुतार वाकस पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. संघातही पूजा झाली. फवारे, मोटर, काटा, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. दिनकररावांनी कॉम्प्युटरपुढं नारळ वाढवला, तो पण उंबऱ्याच्या बाहेर, कारण वैजीनाथ आत पाण्याचा थेंब येऊ देईना. यंत्राच्या लोखंडी पेटीला कोपऱ्यावर एक टिळा, बस. फ्लॉप्या ड्रॉवरमध्ये बंद. वैजीनाथनं आपल्या वहीला तेवढं मनापासून कुंकू लावलं, आणि दुपारच्या गाडीनं दसऱ्याला बोरीला गेला. ऑफिस झाडून किल्ली लावायचं काम कस्तुराबाईकडं होतं, नेहमीसारखं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो परतला. खिशात मावशीसाठी आपट्याची पानं. यादी छापायचं मनात घेऊन तो यंत्रापुढं बसला, ड्रॉवर उघडला, पहिली फ्लॉपी वरच्या कागदी पाकिटातून ओढली आणि न बघता फटीत सरकवली. रोजची सवय, न बघता भाकरी तोडावी तशी. यंत्र खर्र खर्र करायला लागलं. काचेवर अक्षरं आली: वाचता येत नाही, सोडू का, पुन्हा बघू का? त्यानं पुन्हा बघ म्हणून दाबलं. चौदा वेळा दाबलं. मग त्याला आपलाच बाविसावा नुस्खा आठवला. ‘एक प्रत चालली नाही तर वेळ न घालवता दुसरी घालून बघावी.’ त्याखालची सांगणाऱ्याची जागा कोरी होती, म्हणजे स्वतःच शोधलेला. त्यानं दुसरी घातली. तीच खर्र खर्र, जरा जोरात.

दुसरी बाहेर ओढली तेव्हा त्याचं बोट पिवळं झालं. त्यानं बोट नाकाशी नेलं. हळद होती. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला मध्ये लांबट खिडकी असते, तिथून आतली तबकडी उघडी दिसते आणि यंत्र तिथूनच वाचतं. त्या खिडकीत हळदीचा टिळा, त्यावर कुंकू, कुंकवाची कणी आत गेलेली. पहिल्या फ्लॉपीवरही तेच. यंत्रानं तबकड्या फिरवल्या आणि कुंकवाच्या कणांनी त्यांच्यावर गोल गोल चरे पाडले. वहीत ऊन होतं, पाणी होतं, लोहचुंबक होतं. हळदकुंकू नव्हतं. नांदेडच्या इंजिनियरच्या बापालाही ते सुचलं नसतं.

मग त्याला तिसरी आठवली आणि जीव भांड्यात पडला. सायकल काढून तो फार्मामागच्या नाल्याकडं सुटला.

कस्तुराबाई दुपारच्या भाकरीला घरी आली होती. त्याला दारात बघून हसली. “ये बाबा वैजू. सोनं आनलंस?” त्यानं आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली आणि पायाला हात लावला.

“मावशी, ती तबकडी दे.”

“पेटीत न्हाई ती,” ती म्हणाली. “बाहीर काढली. बघ तर.”

कोपऱ्यात पाट मांडला होता. पाटावर धुतलेलं फडकं, त्यावर फ्लॉपी, कागदी पाकिटातून काढलेली. खिडकीत बरोबर मधोमध हळद, कुंकू, चार अक्षता चिकटलेल्या. वर झेंडूचं फूल. पाटाच्या काठाला दिवा; नवमीपासून तेवता ठेवलेला. त्याच्या आचेनं फ्लॉपीचा एक कोपरा वर वळला होता, जिलेटिनचा कागद वळतो तसा. वैजीनाथ पाटापुढं बसला.

“तितल्या दोघीस्नीबी लावलं म्या,” कस्तुराबाई सांगायला लागली. “तुमी समदे गेल्यावर झाडायला गेल्ते तवा. सायबानं पेटीला लावलं, काट्याला लावलं, अन् जिच्यात आमचे दिस हायेत तिला कुनीच न्हाई. म्हनलं हे बरं न्हाई. पानी न्हाई लागू दिलं बरं का. ऊनबी न्हाई. ती मदी खिडकी हाय ना, तिलाच लावलं, कपाळ समजून.”

वैजीनाथचं लक्ष आढ्याकडं गेलं. कोयता फडक्यातच होता. “अन् कोयता? त्याची पूजा न्हाई केलीस?”

“औंदा न्हाई. लय वर्सं पुजला त्याला. काय दिलं त्यानं? तुझा काका खाल्ला, माझी कंबर खाल्ली.” ती पाटाकडं बघत होती. “आता माझं हत्यार ह्येच हाय.”

सांगावं की नको, हा विचार करायलाही त्याला वेळ लागला नाही. सांगितलं तर ती जागची उठणार नाही, हे त्याला दिसत होतं. तिच्या हातानं तिचे दिवस गेले, आणि तिच्यासंगं बेचाळीस जणींचे गेले, हे ऐकून कोण जगतं?

“चांगलं केलंस मावशी,” तो म्हणाला, आणि फ्लॉपी फडक्यासकट उचलून घेतली.

तिन्ही घेऊन तो नांदेडला गेला. इंजिनियरनं पाकिटं कापली, तबकड्या धुतल्या, नव्या पाकिटात घालून पाहिल्या, दोन दिवस घातले. त्रेचाळीस नावांपैकी नऊ वाचली. कस्तुराबाईचं त्यांत नव्हतं. तिसरी तर फिरेचना, दिव्यानं तिचा आकारच बिघडला होता. इंजिनियर म्हणाला, कागद असतील ना, पुन्हा भरा. कागदांचं काय झालं ते त्याच्या सहीनिशी ऑफिसात लावलेलं होतं.

दिनकररावांनी त्याला उभं केलं. “कसं झालं हे?”

“माझ्या हातून झॅप गेला, साहेब. तिन्हीवर.”

“झॅप? तुझ्याच वहीत लाल शाईत लिहिलंय ना रे ते?”

“व्हय साहेब.”

“घरी भांडण झालं होतं का?”

आजूबाजूचे कारकून हसले. यादी गेली पंधरा नावांची. नऊ वाचलेली, आणि सहा अशा की ज्यांच्या हजेरीचे दाखले संचालकांच्या घरून निघाले. हो, रद्दीत गेलेल्या मस्टरमधले दाखले संचालकांच्या घरी कसे सापडतात ते मला विचारू नका, त्यांनाच विचारा. उरलेल्या अठ्ठावीस जणींबद्दल शेरा पडला, ‘अभिलेख उपलब्ध नाही.’ वैजीनाथला पोत्यांच्या गोदामात टाकलं आणि यंत्रापुढं दुसरा माणूस आणून बसवला. त्याला पण ही वही उतरवून हवी होती. वैजीनाथनं ती दिली.

गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. जो दुसऱ्यांना झॅपपासून जपा म्हणून शिकवत होता त्यानंच तीनदा झॅप दिला. सेलूच्या एकानं तर आपल्या वहीत एकतिसाव्या नुस्ख्याखाली लिहून ठेवलं, ‘सांगणार — वैजीनाथ, स्वानुभव.’ उतरवायला येणारे यायचे बंद झाले. राधाकिशन तेवढा आला. गोदामात पोत्यावर बसून म्हणाला, “वैजीनाथ, तू दुसऱ्याच्या यंत्रावर झॅप देताना तीनदा विचारतोस. मला खरं सांग.” वैजीनाथ म्हणाला, “खरं तेच सांगितलं.” ज्या माणसानं आयुष्यात एक नुस्खा लपवला नव्हता, त्यानं हा एक गिळला. सत्त्याऐंशी नुस्खे झाले होते. अठ्ठ्याऐंशीचा आकडा त्यानं पानावर घातला आणि पुढं काहीच लिहिलं नाही.

अठ्ठावीस जणींतली गीताबाई, ती पण रांडमुंड बाई, गोदामाच्या दारात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “माझी पाच वर्सं तुझ्या एका बोटानं खाल्ली रे.” त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. मागून कस्तुराबाई आली, गीताबाईचा हात धरला आणि तिला ओढत बाजूला घेऊन गेली. “त्याला बोलू नका. त्याची चुकी न्हाई. नशिबाचं हाय ह्ये.” तिला त्याची कड घेताना बघून वैजीनाथला तिथंच सगळं ओरडून सांगावंसं वाटलं. त्यानं पाठ फिरवली आणि पोती मोजायला घेतली.

दिवाळी झाली. मुकादमाचा ट्रक नाल्याच्या पुलावर आला. कस्तुराबाई आणि गीताबाई, दोन अर्धे मिळून एक कोयता, अशी जोडी ठरली होती. वैजीनाथनं बोचकं वर चढवून दिलं, मावशीला हात देऊन चढवलं. मी कमावतो, तू नको जाऊस, हे तो महिनाभर म्हणत होता. गोदामाच्या हमालीवर दोघांचं कसं भागेल, हे ती विचारायची. वर बसल्यावर तिनं कोयत्याचं फडकं सोडलं. पात्याला हळदकुंकू लावलेलं होतं, ताजं.

“वैजू,” ती फळीवरून वाकून म्हणाली, “एक इचारू?”

“इचार की.”

“औंदा ह्याची पूजा केली न्हाई म्या. त्याला सोडून दुसऱ्याला लावलं. म्हनून फिरला आसंल का रं ह्यो?”

ट्रकातल्या बाया ऐकत होत्या. गीताबाई त्याच्याकडं बघत होती.

“आसंल, मावशी,” वैजीनाथ म्हणाला.

“तेच म्हन्ते मी.” तिला उत्तर मिळाल्यागत झालं. “तुला उगंच बोलायलेत लोक. पुढच्या साली आदी ह्याला लावीन, मग तुझ्या तबकडीला.”

पौषात निरोप आला. कोल्हापूरकडच्या कुठल्या तरी फडात मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रकाच्या फळीवर चढत होती, पाय सरकला, कमरेवर पडली. तीन दिवस पाचटाच्या खोपीत पडून होती. तिथंच जाळली. हंगाम संपल्यावर गीताबाई कोयता परत घेऊन आली. वैजीनाथच्या हातात देताना म्हणाली, “शेवटपत्तोर तुझंच नाव घ्यायली होती. माझ्या लेकराला कुनी बोलू नका म्हनायली.” गीताबाईचा राग तोवर संपला होता. वैजीनाथचा स्वतःवरचा संपला नव्हता, आणि संपला असं मला पुढंही कधी दिसलं नाही.

त्या दिवशी दुपारी तो गोदामात वही घेऊन बसला. अठ्ठ्याऐंशीचा आकडा होताच. आता कळलं तरी मरणारं कुणी उरलं नव्हतं. आणि लिहिलं नाही तर दुसऱ्या कुठल्या ऑफिसात, दुसऱ्या खंडेनवमीला, दुसरी एखादी बाई तिच्याइतक्याच मायेनं टिळा लावील. तो बापासारखा ठाऊक असून गप्प मरेल. त्यानं लिहिलं:

‘फ्लॉपीच्या खिडकीला हळदकुंकू लावू नये. कुंकवाचे कण आत जाऊन चरे पडतात. लागलेलं दिसलं तर यंत्रात घालू नये, आणि दुसरी प्रत तर मुळीच घालून बघू नये. फ्लॉपीजवळ दिवा ठेवू नये. पूजा करणाऱ्या माणसाला हे आधीच, नीट, समजावून सांगावं.’

खाली ‘सांगणार’ लिहून तो थांबला. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, स्वतः भोगून कळलेलं. रीतीप्रमाणं जागा कोरी ठेवायची. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका मोठा झाला.

चैत्रात राधाकिशन आला. वही चाळता चाळता त्या पानावर अडला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि वर बघितलं नाही. वैजीनाथ पोती मोजत होता. राधाकिशननं झोळीतून आपली वही काढली, मांडीवर ठेवली आणि नुस्खा अठ्ठ्याऐंशी शब्द न् शब्द उतरवून घेतला, शेवटच्या ओळीसकट: सांगणार — कस्तुराबाई भुजंग, बोरी.